बांधावरचं पांढरं फडकं

“नाही हो हंसाताई, आईच्या पायाला घट्टा होता, तो काढला. बाकी सगळं ठीक आहे,” धर्मेश फोनवर म्हणाला, आणि पुष्पलताच्या चिमटीतला वाल सालीतून निसटून सोफ्याखाली गेला. तेवढंच झालं. दुसरं काही पडलं नाही, फुटलं नाही. मोड आलेले वाल परातीत तसेच होते, सालींचा ढीग तसाच होता, गॅलरीच्या जाळीवर कबूतर तसंच बसलं होतं. पण तिचे हात थांबले. सत्तरीला टेकलेले ते हात वाल सोलताना कधी थांबत नसत. तोंड बोलायचं, कान ऐकायचे, हात आपले चालू. आज ते परातीवर नुसते धरून ठेवल्यासारखे राहिले. कारण धर्मेशच्या तोंडून निघालेले शेवटचे तीन शब्द तिच्या ओळखीचे होते. कालच ते तिनं वाचले होते, एकेका अक्षरावर बोट ठेवून. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टच्या पाकिटामागे बॉलपेनानं एक गाठ काढली होती, गाठीला तोंड काढलं होतं, तोंडातून एक फुगा आणि फुग्यात लिहिलं होतं: सगळं ठीक आहे.

डॉक्टर मृणालिनी वयानं तिच्या नातीपेक्षा फार मोठ्या नसतील. रिपोर्ट वाचून त्यांनी आधी धर्मेशकडे पाहिलं होतं आणि मग पुष्पलताकडे. “आजी, तुम्हाला सांगू की मुलाला?” “पाय माजा हाय,” ती म्हणाली होती. मग त्यांनी सगळं सांगितलं. तळव्यातला काळा डाग हा कातडीचा कॅन्सर होता. तो वीस दिवसांपूर्वी कापून काढला, पण त्यातला थोडा आधीच निसटून वर गेला होता आणि आता जांघेत गाठ होऊन बसला होता. पुष्पलतानं विचारलं होतं, “अंगात एवढं रगत हाय, राखणीला कुनी न्हाय का तिथं?” तेव्हा डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसल्या होत्या. म्हणाल्या, आहेत ना, राखणदार आहेत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्या येतात, अगदी गाठीच्या अंगाला लागून उभ्या राहतात. गाठ त्यांच्याशी मारामारी करत नाही. ती निरोप सोडते. काही निरोप रसायनांचे, आजूबाजूला झिरपणारे; काही तिनं आपल्याच अंगावर लावलेले, पाटी लावावी तसे. सगळ्यांचा अर्थ एकच, की इथं काही नाही, सगळं ठीक आहे, तुम्ही स्वस्थ बसा. आणि राखणदार बसतात. त्यातले काही तर फितूर होऊन तोच निरोप दुसऱ्यांना देत सुटतात. “मग सुई काय करनार?” “सुई गाठीला मारत नाही, आजी. तो निरोप पोचू देत नाही. मारायचं ते तुमचेच राखणदार मारतील.” सगळ्यांना लागू पडत नाही, तळव्यातून आलेल्या जातीला तर कमीच, हेही त्यांनी लपवलं नाही. आणि राखणदार एकदा जागे झाले की कधीकधी घरच्यांवरच धावून जातात. अंगावर पुरळ येतं, पोट बिघडतं, गळ्यातली ग्रंथी आपल्याच लोकांकडून मार खाते. “जागं झालेलं कुत्रं धन्यालाबी चावतं,” पुष्पलता म्हणाली होती. डॉक्टर हसल्या होत्या. धर्मेश हसला नव्हता. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

ते कॅलेंडर आता तिला कळलं. सोमवारी पहिली सुई होती. रविवारी धर्मेशच्या लेकीला, इशिताला बघायला अभिनवच्या घरचे येणार होते; हंसाताई म्हणजे त्याची आई. म्हणजे बघायला काय, पोरं चारदा कॉफी पिऊन आली होती, इशिताच्या मोबाइलवर त्याचं नाव आलं की ती उठून आतल्या खोलीत जायची. उरलं होतं ते मोठ्यांनी एकमेकांच्या घरचा चहा पिणं. धर्मेशनं फोन ठेवला आणि तिच्याकडे न बघताच म्हणाला, “हंसाताई विचारत होत्या, आई दिसल्या नाहीत मंदिरात. म्हटलं, पाय.”

“घट्टा कशाला सांगितलास?”

“मग काय सांगू फोनवर?” तो सोफ्याखाली वाकून वाल शोधू लागला. चौपन्न वर्षांचा, लिफ्टदुरुस्तीची कामं घेणारा, गुडघे धरलेला तिचा मुलगा. “आई, तू ना, जास्त डोकं नको लावू. लोक लगेच म्हणतात, यांच्या घरात आहे, म्हणजे पोरीतपण असेल. एकदा साखरपुडा होऊ दे. मी हॉस्पिटलला फोन केलाय. सुई तीन आठवडे पुढे घेतलीय.”

“डॉक्टरीण काय बोलली?”

“त्या नव्हत्या. काउंटरवाल्या मुलीला सांगितलं.” वाल सापडला. त्यानं तो फुंकून परातीत टाकला. “तीन आठवड्यांत काय होतंय? तुला दुखतंय का?”

दुखत नव्हतं. तीच तर गोष्ट होती. दुपारी सगळे पांगल्यावर ती पलंगावर उताणी पडली आणि तिनं जांघेत हात नेला. गाठ चिंचोक्याएवढी होती, घट्ट, थंड, निमूट. सासरच्या परक्या घरात नवी सून बसावी तशी अंग चोरून. दाबली तरी हूं की चूं नाही. दुखणारी गोष्ट आपल्या बाजूची असते, तिला वाटलं, ती हाक तरी मारते. ही हाक मारत नाही. आणि तळव्यातला डागही असाच होता, सात-आठ वर्षं. मिठागरातल्या बायकांचे तळवे कुणी पाहिलेत? दिवाळी झाली की मीठ पिकवायच्या कोंडीचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, दिवसच्या दिवस, खाऱ्या चिखलात, ओळीनं, एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून. तळव्याची कातडी जनावराच्या खुरासारखी व्हायची. भेगांत काळा चिखल मुरायचा तो आयुष्यभर जायचा नाही. मग दाराच्या पायरीवर बसून अर्ध्या ब्लेडनं तळवे तासायचे, आणि कुणाचा तळवा जास्त काळा यावरून थट्टा करायची. “तुजा नवरा रातीला घाबरत न्हाय का ग?” त्यामुळे मिठागर बंद पडून, तिथं पत्रे लागून, पुढं टॉवर उभे राहूनही तिच्या टाचेपुढे काळा ठिपका दिसला तेव्हा ती मनात म्हणाली, मुरलेला चिखल वर आला. तिला बरंच वाटलं होतं. गेलेल्या दिवसांतलं काहीतरी अंगावर राहिलं म्हणून. दर दिवाळीला ती तो ब्लेडनं तासत राहिली. ठिपका दर वर्षी थोडा रुंद होऊन परत यायचा. शालूनं, तिच्या सुनेनं, एकदा म्हटलंही होतं, दाखवूया का. तिनंच हात झटकला होता: चिखल हाय ग, काय होतंय. म्हणजे तो निरोप तिनंही पोचवला होता. गाठीनं नुसती सुरुवात केली. पुढं गावभर नेणारी ती स्वतः.

आणि तो निरोप काही पहिला नव्हता. उशीखालून तिनं ते पाकीट काढलं, फुग्यातली अक्षरं पुन्हा वाचली. पंचावन्नाव्या वर्षी, शाळेच्या ओट्यावर संध्याकाळी भरणाऱ्या बायकांच्या वर्गात ती अक्षरं शिकली होती. तेव्हापासून लिहिलेला शब्द तिला ऐकलेल्या शब्दापेक्षा जड वाटायचा, हातात धरता यायचा. सगळं. ठीक. आहे. अक्षरांच्या मागं हळूहळू बांध दिसू लागला. राई गावाच्या खालचा, खाडीला लागून असलेला. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं. श्रावणातल्या अमावस्येचं उधाण भर दुपारी यायचं. बांधावर राखणदाराची झोपडी, झोपडीवर उंच बांबू आणि बांबूला पांढरं फडकं. फडकं वर आहे तोवर बांध धड आहे. फडकं उतरलं की गावानं हातातलं टाकून धावायचं, पाट्या, फावडी, पेंढ्याचे भारे घेऊन; कुणी विचारायचं नाही, बोलवायचं नाही. त्या साली राखण तिच्या नवऱ्याकडे, हरिश्चंद्रकडे होती, आणि तो उत्तनला मित्राच्या होडीची पूजा म्हणून गेला तो दुपार झाली तरी आला नव्हता. झोपडीत ती आणि सासू. ती वीस-बावीस वर्षांची, धर्मेश पाच-सहाचा, भाताच्या पेंढ्यावर निजलेला. तिनं पाहिलं, खेकड्याच्या बिळातून पाणी येत होतं. आधी करंगळीएवढं. गढूळ. तिनं चिखलाचा गोळा दाबला. गोळा बाहेर आला आणि मागून मनगटाएवढं पाणी आलं. ती बांबूकडे धावली, दोरीला हात घातला. सासूनं वरून हात धरला. “उतरवू नको. गाव येल नि विचारल, राखणदार कुटं हाय. माज्या पोराची अब्रू घालवशील? येल तो. भरल तो. गप ऱ्हा.” सासूचा हात ओला होता, मऊ होता. तिनं मारलं नाही, ओरडली नाही. नुसता हात ठेवला. पुष्पलताच्या बोटांतून दोरी सुटली.

ते फडकं वाऱ्यावर काय सुंदर उडत होतं! तिला अजून दिसतं. खाली बांधाला खांड गेली, पाच हात, मग पंधरा हात, आणि खारं पाणी पोटरीला आलेल्या भातावरून सावकाश, घाई न करता पसरत गेलं, आणि वर ते पांढरंशुभ्र, तान्ह्या बाळाच्या दुपट्यासारखं. गावाला कळलं तेव्हा पाणी वेशीला लागलं होतं. तीन वर्षं त्या खाचरांत दाणा पिकला नाही. सगळ्यांत आधी बुडालं ते शेवंतीचं, तिच्या जिवाच्या मैत्रिणीचं, जिच्या खांद्यावर हात ठेवून ती कोंड्या तुडवायची. गावानं उधाणाला शिव्या दिल्या, समुद्राला नारळ दिला. हरिश्चंद्रनं मेहनतीनं बांध पुन्हा बांधला आणि लोकांनी त्याचं नाव घेतलं. तो गेला तेव्हा माणसं रडली. पुष्पलतानं कुणाला सांगितलं नाही. सासूला सुनावलं नाही, नवऱ्याला विचारलं नाही. संसार नीट झाला. सगळं ठीक झालं. आणि आज सातव्या मजल्यावर, पंख्याखाली, तिला पहिल्यांदाच कळलं की या ठीकपणाखाली अठ्ठेचाळीस वर्षं पाणी आत येत होतं.

तिनं मोबाइल घेतला आणि शेवंतीला लावला. शेवंती अजून राईतच होती, लेकाच्या घरी, कानानं जरा कमी.

“शेवंते, मी पुष्पा. तुना येक सांगायचं हाय. त्या उधाणाला मी फडकं उतरवलं न्हाय. मना पानी दिसलं होतं.”

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

“ठाऊक हाय,” शेवंती म्हणाली.

“कुनी सांगितलं?”

“कोन सांगल? मीबी बगितला होता पानी. आमच्या शेताच्या मेरंवर उबी होते मी. गढूळ पानी पायाला लागलं. बोंब मारनार, तर वर बगितला, तुजं फडकं उडतंय. म्हटलं, पुष्पा हाय तिथं. ती काय आंधली हाय? माजंच चुकत आसल. म्हनून गप बसले.” ती खोकली, की हसली, कळलं नाही. “लोकांना काय सांगू? डोल्यांनी पानी बगितला नि फडक्यावर इश्वास ठेवला? लाज वाटली ग. आनि तू आता बोंबलतेस व्हय, अठ्ठेचालीस वर्सांनी? सटवे!”

“सटवी तं सटवी. आता माजं ऐक. तुजे तलवे बग. दोनी. काला ठिपका आसल तं लेकाला सांग, दवाखान्यात ने. तासू नको.”

“चिखल आसतो तो.”

“चिखल नसतो, शेवंते,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका मोठा झाला की शालू स्वयंपाकघरातून डोकावली.

फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटलं नाही. उलट राग आला. आधी सासूचा, मग स्वतःचा, मग तिला एकदम हसू आलं, कारण राग येऊन अंग तापलं होतं आणि तिला वाटलं, हेच ते, हेच राखणदार, उठले मेले झोपेतून. शेवंती मेरेवर उभी, पाणी पायाला लागलेलं, आणि तरी गप्प. तिच्या जांघेतही अशाच हजारो शेवंत्या या घटकेला उभ्या होत्या. डोळ्यांनी बघत होत्या आणि वर उडणाऱ्या फडक्यावर विश्वास ठेवत होत्या. वाईट कुणीच नव्हतं. सासू पोरासाठी, शेवंती मैत्रिणीसाठी, धर्मेश लेकीसाठी. सगळ्यांचे हात मऊ होते. मऊ हातांनी केवढं शेत बुडवलं.

रविवारी सकाळी शालूनं घर आरशासारखं केलं. पुष्पलताला हॉलमधल्या दिवाणावर बसवलं, पाठीला लोड, आणि पायांवर नवी कोरी चादर घातली. पांढरी. “आई, बँडेज दिसायला नको म्हणून,” ती डोळे चुकवत म्हणाली. शालूचा हात चादर सारखी करताना तिच्या गुडघ्यावर क्षणभर राहिला. पुष्पलतानं त्या हाताकडे पाहिलं. तिला ठरवायचं असं काही राहिलं नव्हतं. समोर इशिता आरशात कानातलं घालत होती. पोरगी आनंदात होती. तिलाही घट्टाच सांगितला होता. डॉक्टर म्हणाल्या होत्या ते पुष्पलताला आठवलं, जागे झालेले घरच्यांवरही धावतात. त्या पोरीला चावा बसणार होता. हे तिला माहीत होतं. सगळ्यांत जास्त तेच माहीत होतं.

पाहुणे आले. अभिनव, त्याची आई हंसा, वडील रामनाथ. बुटांचा ढीग, पेढ्यांचा खोका, लिफ्ट किती लवकर आली याचं कौतुक. “लिफ्ट माझ्याच देखरेखीत आहे,” धर्मेश म्हणाला आणि सगळे नको तेवढे हसले. रामनाथ म्हणाले, वालाचा वास काय सुटलाय. हंसानं विचारलं, “आजी, पाय कसा आहे?” आणि पुष्पलतानं तोंड उघडायच्या आत धर्मेश म्हणाला, “मस्त. घट्टा होता. चार दिवसांत पळायला लागेल. अभिनव, तिला उठवत नाही हं, वरूनच नमस्कार कर.”

पोरगा उठला. बारीक, चष्मा, नव्या शर्टाची घडी पाठीवर अजून दिसणारी. तो वाकला आणि चादरीवर, जिथं पाय असावेत तिथं, दोन्ही हात नेऊ लागला.

“थांब रे पोरा,” पुष्पलता म्हणाली. “फडक्याला काय पाया पडतोस?”

आणि तिनं चादर ओढली. ती एका झटक्यात निघाली नाही, लोडाखाली अडकली; तिला दोन्ही हातांनी, दोरी खेचावी तशी खेचावी लागली. मग ती घसरून दिवाणाखाली पडली. उजवा पाय उघडा झाला. टाचेपासून चवड्यापर्यंत पट्टी, कडेनं पिवळं औषध, आणि त्यावर तिची काळवंडलेली, मिठानं खाल्लेली पोटरी.

“घट्टा न्हाय. कॅन्सर हाय,” ती म्हणाली. “एक तलव्यात होता, तो काढला. दुसरा वर जांघेत बसलाय. उद्या त्याची सुई होती, ती पुढं ढकललीय, हा चहा होईस्तोवर. हा रोग लागत न्हाय कुनाला. पाया पडायचा तं ह्या पायाला पड.”

“आये!” धर्मेश ओरडला. मुंबईची बोली, आई म्हणणं, सगळं गळून पडलं. पेंढ्यावरून झोपेतून उठलेल्या पोरानं मारावी तशी हाक होती ती.

पंखा फिरत होता. अभिनवचे हात हवेत थांबले होते. पुष्पलता त्या हातांकडे बघत राहिली. फडकं उतरवल्यावर गावाकडून पहिला माणूस दिसेपर्यंतचा वेळ कसा जातो, हे तिला कधी कळलंच नव्हतं; तो असा जातो. मग हंसानं खोल आवाजात विचारलं, “आजी, तुमच्या घरात आणखी कुणाला...?”

“न्हाय. आनि उद्या कुनाला झाला तं कुनी गप न्हाय बसनार. तेवढं मी बगीन.”

इशिता स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होती. ती आजीकडे बघत नव्हती, अभिनवकडेही नव्हती. “पप्पा,” ती म्हणाली, “पुढे ढकलली म्हणजे? माझ्यासाठी?”

“अगं, तीनच आठवडे. डॉक्टरांशी बोलेन मी. तू नको टेन्शन घेऊ, सगळं...” धर्मेश म्हणाला. आणि पुढचे दोन शब्द आले नाहीत. त्यानं आईच्या पायाकडे पाहिलं, ओठ हलवले, पुन्हा म्हणाला, “सगळं...” आणि खाली बसला.

इशितानं ट्रे तिथंच फ्रिजवर ठेवला. तिचा आवाज चिडलेला होता, कुणावर ते तिलाही कळत नसावं, आजीवरही असेल. “नंबर द्या हॉस्पिटलचा. आत्ता.” धर्मेशनं मोबाइल पुढे केला. हंसा नवऱ्याकडे बघत होती, नवरा पेढ्यांच्या खोक्याकडे. ते उठतील की बसतील, हे कुणी सांगू शकलं नसतं. अभिनव मात्र अजून वाकलेलाच होता. त्यानं चष्मा सावरला, आणि पट्टीच्या वर, घोट्यावर, गरम चहाच्या कपाला लावून बघावा तसा एक हात टेकवला.

शालूचे डोळे भरले होते. काहीतरी करायला हवं म्हणून ती वाकली आणि दिवाणाखाली पडलेली चादर उचलू लागली. पुष्पलतानं आपला धड, डावा पाय खाली सोडला आणि चादरीवर रोवला, कोंडीचा तळ तुडवताना रोवायची तसा.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “खालीच ऱ्हाऊ दे तिला. तू जा, बिरडं गरम कर.”